पाण्याची पाळी, वायूची पाळी

आपल्या भाषेतील काही शब्द शेतात जितके चालतात तितकेच देवळात चालतात आणि न्यायालयातही. ‘पाळी’ हा त्यांपैकी एक होय. पाटाच्या पाण्याची पाळी असते, देवाच्या पूजेची पाळी असते, आणि या दोहोंवरून भावाभावांत वितुष्ट आले म्हणजे दाव्याच्या सुनावणीचीही पाळी येते. वकिलीच्या व्यवसायात या शब्दाशी आमचा नित्याचा परिचय. हा शब्द भूमीच्या पोटात हजारो फूट खाली, तेलाच्या खडकापर्यंत जाऊन पोचेल, असे मात्र आम्हांस कधी वाटले नव्हते. तो तेथे कसा पोचला आणि तेथून परत येताना आपल्याबरोबर कोणता प्रश्न घेऊन आला, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

आम्हां बडोदेकर मराठी मंडळींस तेलाचा विषय परका नाही. १९५८ साली खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले, १९६० साली अंकलेश्वरचे क्षेत्र सापडले, आणि १९६५ साली आमच्या शहराच्या वेशीवर कोयली येथे तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. आमच्या वस्तीतील कित्येक घरांचा संसार त्या कारखान्यावर आणि आसपासच्या तेलक्षेत्रांवर चालला. आमच्या भजनी मंडळात असेच एक गृहस्थ येतात. तेलक्षेत्रात पस्तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते आम्हांस वयाने लहान असूनही ‘वकीलसाहेब’ म्हणतात. एका एकादशीस भजन आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितले, त्यातून हा लेख निघाला आहे.

तेलाची विहीर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याची विहीर येते. खाली तेलाचे तळे आहे, नळ घातला की वर येते, आणि संपले की संपले, असा आपला सर्वसाधारण समज. तो सर्वस्वी चुकीचा आहे. खाली तळे नसतेच. असतो तो खडक. पावसात भिजलेल्या विटेने पाणी जसे पोटात धरून ठेवावे, तसे या खडकाने आपल्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून ठेवलेले असते. विहीर खणली म्हणजे आतील कोंडलेल्या दाबाने प्रथम तेल आपोआप बाहेर येते. तो दाब ओसरला की ओघ मंदावतो. अशा रीतीने केवळ निसर्गाच्या बळावर निघणारे तेल बहुतेक ठिकाणी शंभरातील दहापंधरा भागांच्या आसपासच असते. पुढे दुसऱ्या विहिरींतून पाणी दाबून भरतात आणि त्या पाण्याच्या रेट्याने तेल पुढे लोटतात. आपल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल लागले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले, आणि १९८४ पासून तेथे समुद्राचे पाणी भरले जाऊ लागले, ते याचसाठी. इतके करूनही जगातील तेलक्षेत्रांतून सरासरीने सुमारे एकतृतीयांश तेलच हाती लागते. उरलेले दोन भाग खडक सोडीत नाही.

“का सोडीत नाही?” असे आम्ही विचारले. काकांनी गाभाऱ्यातील दिव्याकडे बोट दाखविले. पाण्यावर तेल घालून वात लावलेला तो दिवा होता. ते म्हणाले, “वकीलसाहेब, पाणी जड आहे, ते नेहमी खाली जाणार. साठ्यात पाणी भरले की ते खालचा खडक धुऊन काढते आणि वरच्या थरातले तेल तसेच राहते. बरे, पाण्याऐवजी वायू भरावा, तर तो हलका. तो वरच्या अंगाने पळतो आणि खालचे तेल तसेच ठेवतो. शिवाय तो पातळ असल्यामुळे त्याला धीर नाही. तेलाला पुढे लोटण्याऐवजी तो तेलातूनच बोटाबोटांनी वाट काढतो आणि थेट पलीकडच्या विहिरीत जाऊन निघतो. मग वर येतो तो नुसता वायू!”

तथापि वायूच्या ठायी एक मोठा गुण आहे. ज्या छिद्रांतून पाणी जाते, तेथेही तेलाचे कण केशाकर्षणाने अडकून मागे राहतात. वायू त्यांतील पुष्कळसे कण सोडवू शकतो. पुरेसा दाब असेल तर कार्बन डायऑक्साइडसारखा वायू तेलात मिसळून जातो. त्यायोगे तेल फुगते, पातळ होते आणि वाहू लागते. थोडक्यात, पाण्याचा पसारा मोठा पण हात जाडा. वायूचा हात नाजूक पण स्वभाव उतावळा. दोघांपैकी कोणीही एकट्याने हे काम पुरे करू शकत नाही.

यावर काढलेला तोडगा म्हणजे पाळी. काही आठवडे वा महिने पाणी भरावयाचे, नंतर तितकाच काळ वायू भरावयाचा, पुन्हा पाणी, पुन्हा वायू. पाण्याची पाळी आली की वायूने पाडलेल्या वाटा पाण्याने भरतात, म्हणून पुढच्या पाळीचा वायू त्याच वाटेने धावू शकत नाही. त्याला आजूबाजूच्या, अद्याप न धुतलेल्या खडकात शिरावे लागते. उलट वायूचे काही बुडबुडे छिद्रांत अडकून राहतात आणि पूर्वी तेलाने अडविलेली जागा स्वतः अडवितात, म्हणून मागून येणारे पाणी अधिक तेल बाहेर ढकलते. प्रत्येकाची पाळी दुसऱ्याच्या उणिवेला आवर घालते. हा प्रयोग प्रथम १९५७ साली कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, उत्तर पेम्बिना येथील तेलक्षेत्रात झाला, असे या विषयाच्या इतिहासात नमूद आहे. पुढे अमेरिका, उत्तर समुद्र आणि इतरत्र तो पसरला. एकूण ५९ क्षेत्रांचा आढावा घेणाऱ्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले, की या पद्धतीने मूळ साठ्याच्या साधारणपणे ५ ते १० टक्के तेल अधिक मिळते. आकडा लहान दिसतो; परंतु शंभर कोटी पिंपांच्या साठ्यात पाच टक्के म्हणजे पाच कोटी पिंपे होत, आणि तीही नवी भूमी न शोधता.

पाळीचे शास्त्र वाटते तितके सोपे मात्र नाही. खडकात एखादा सुकर थर असला तर सगळी शिकस्त करूनही वायू त्यातून लवकर निसटतो. या पद्धतीतील सर्वांत अधिक आढळणारी अडचण हीच. पाळी बदलताना विहीर पूर्वीइतके पाणी वा वायू घेईनाशी होते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची गाठ पडली की आम्ल तयार होते आणि ते लोखंडी नळ खाऊ लागते. “दोघांना एका घरात नांदवायचे म्हणजे घराच्या भिंतीही तशाच लागतात,” असे काका हसून म्हणाले.

येथवरचा भाग यंत्रशास्त्राचा. आमच्यातील वकील जागा झाला तो यापुढे. आम्ही विचारले, “काका, एका विहिरीत भरलेले पाणी दुसऱ्या विहिरीकडे तेल ढकलते. मग ती दुसरी विहीर शेजाऱ्याची असली तर?” काका म्हणाले, “आपल्याकडे तो प्रश्न क्वचितच येतो. अमेरिकेत मात्र त्यावरच सारे अडत असे.” तेवढा धागा धरून आम्ही तेथील निवाडे चाळले, आणि आपल्याच गावातील भांडणे परदेशी पोशाखात पाहावीत तसे आम्हांस झाले.

पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ च्या एका निवाड्यात तेल आणि वायू यांस रानटी प्राण्यांची उपमा दिली होती. हरिण जोवर आपल्या रानात आहे तोवर आपले. कुंपण ओलांडून गेले की ज्याच्या हाती लागेल त्याचे. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही, ठरीव प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा अधिकार प्रत्येक जमीनमालकास दिला आहे. त्याचे तत्त्वही याहून फार दूरचे नाही. या नियमाचा परिणाम काय होतो, हे कूपनलिकांच्या चढाओढीने कोरड्या पडलेल्या गावांस सांगावयास नको. टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे १९०१ च्या जानेवारीत तेलाचा प्रचंड फवारा उसळला. शेजाऱ्याने उपसण्यापूर्वी आपण उपसावे या घाईने टेकडीवर विहिरींची दाटी झाली. १९०२ साली तेथून सुमारे पावणेदोन कोटी पिंपे तेल निघाले, आणि १९०४ पर्यंत दैनिक उत्पादन दहा हजार पिंपांवर घसरले. एकेका मालकाचा हिशेब चोख होता. बुडाला तो सर्वांचा दाब.

याच्या उलट उदाहरणही त्याच राज्यातील आहे. स्करी परगण्यात १९४८ साली एक मोठे तेलक्षेत्र सापडले. काही वर्षांतच तेथील दाब जवळजवळ निम्म्यावर आला. टेक्ससमध्ये मालकांना एकत्र येण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता, आजही नाही. तरीही तेथील मालक १९५३ साली आपखुशीने एकत्र आले. सुमारे ५०,००० एकरांचे एकच क्षेत्र मानून प्रत्येकाचा वाटा ठरविला, आणि १९५४ पासून साठ्याच्या मध्यरेषेवरील विहिरींतून पाणी भरू लागले. ज्याच्या जमिनीत पाण्याची विहीर येईल त्याला तेल काढता येणार नव्हते. परंतु त्याचा वाटा बुडणार नव्हता. १९७२ च्या जानेवारीत त्याच क्षेत्रात कार्बन डायऑक्साइड भरण्यास आरंभ झाला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेला तसा तो पहिलाच उद्योग. वायूची आणि पाण्याची पाळी तेथे चालली; परंतु त्या आधी माणसांनी आपापसांतील हद्दी पुसाव्या लागल्या. १९६२ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानेही एका दाव्यात असा निर्णय दिला, की नियामक मंडळाच्या अनुज्ञेने भरलेले पाणी जमिनीखालून शेजाऱ्याच्या हद्दीत गेले, तर केवळ तेवढ्याने ते अतिक्रमण ठरत नाही.

हे वाचीत असता आमच्या मनात एक निराळाच दावा घोळत होता. त्याचा निकाल होऊन काही वर्षे झाली आहेत. स्थळ आणि नावे सांगण्याचे कारण नाही. एका जुन्या देवस्थानाचे पुजारी असलेले घराणे दोन शाखांत विभागले होते. एक वर्ष थोरल्या शाखेची पाळी, एक वर्ष धाकट्या शाखेची. एका शाखेचे वकीलपत्र आमच्याकडे होते. पाळीचा हक्क हा वारसाहक्काने येणारा, न्यायालयास मान्य असलेला हक्क होय. त्याबद्दल वादच नव्हता. वाद होता तो ताटातील दक्षिणेचा, देवाच्या आमराईच्या उत्पन्नाचा आणि कोणी कोणाच्या वर्षात किती दिवस अधिक घेतले याचा. दोन्ही बाजूंनी रुपयाआण्यापर्यंतचे हिशेब दाखल झाले होते. त्या हिशेबांत देवळाच्या छपराचा उल्लेख कोठेही नव्हता. ज्याची पाळी असे तो म्हणे, “मी कौले घालावीत आणि पुढच्या पावसात कोरड्यात त्याने बसावे काय?” आंबे कच्चे असतानाच उतरविले जात, कारण पिकेपर्यंत वर्ष संपण्याची भीती. स्पिंडलटॉपच्या टेकडीवर जे घडले तेच या आमराईत घडत होते. गाभाऱ्यात मात्र पाणी ठिबकत होते.

सुनावणीच्या वेळी न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारला: “देवाच्या बाजूने कोण उभे आहे?” तो प्रश्न कायद्याला नवा नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातही कुलदैवताच्या पूजेच्या अशाच पाळ्या होत्या, आणि आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी न्यावी की न न्यावी यावरून दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९२५ साली त्या न्यायासनाने सांगितले, की देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, वाटणीत इकडून तिकडे सरकविण्याची जंगम वस्तू नव्हे. तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि त्यासाठी ज्याचा यात स्वतःचा स्वार्थ नाही अशा मनुष्याने तिच्या वतीने न्यायालयात उभे राहिले पाहिजे. आमच्या दाव्यातही तसेच झाले. एका निवृत्त शिक्षकांस देवाच्या वतीने नेमण्यात आले. त्यांनी प्रथम कोणते काम केले असेल तर शिडी लावून छपरावर चढण्याचे. तडजोडीने हुकूमनामा झाला. पाळ्या तशाच राहिल्या. पण प्रत्येक पाळीच्या उत्पन्नातील पहिला भाग देवळाच्या सामाईक निधीत जाईल आणि त्याचा हिशेब तिसरा मनुष्य पाहील, असे ठरले.

तेव्हा पाळी दोन प्रकारची असते असे आमच्या ध्यानी आले. एक पाळी वाटणीची: माझे वर्ष आहे तोवर मी ओरबाडून घेईन, तुझे आले की तू घे. दुसरी पाळी सांभाळण्याची: मी मागे जे ठेवीन त्यावर तू उभा राहशील, आणि तू जे ठेवशील त्यावर मी. शब्द एकच, पण पहिलीने साठा आटतो आणि दुसरीने टिकतो. पाण्याची आणि वायूची पाळी दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून ती आम्हांस प्रिय वाटली.

परंतु येथेच थांबून तेलाच्या विहिरीचे कीर्तन करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, की ही तर मोठी धर्मबुद्धी झाली. भूमीकडून घ्यावे, तसे तिला परतही द्यावे. आम्हांस ते मान्य नाही. खडकात पाणी आणि वायू भरतात ते अधिक घेता यावे म्हणून. त्याला दान म्हणता येणार नाही. अमेरिकेत या कामासाठी वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड बहुतांशी कोलोरॅडो, न्यू मेक्सिको यांसारख्या प्रदेशांतील नैसर्गिक साठ्यांतून काढलेला आहे, म्हणजे एका ठिकाणी भूमीतून उपसून दुसऱ्या ठिकाणी भूमीत भरलेला. आणि अधिक निघालेले तेल अखेर जळणारच. त्याचा धूर याच आकाशात जाणार.

दुसरी बाजूही आहे. कॅनडातील वेबर्न क्षेत्रात २००० सालापासून, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातील कोळशाच्या कारखान्यात निघणारा वायू तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळातून आणून भरू लागले. तो वायू एरवी हवेतच गेला असता. त्यातील काही भाग तेलाबरोबर वर येतो, तो वेगळा काढून पुन्हा खाली सोडतात. पुष्कळसा खडकातच अडकून राहतो. आमच्या घराजवळचेच उदाहरण द्यावयाचे तर, कोयलीच्या कारखान्यात निघणारा कार्बन डायऑक्साइड भडोच जिल्ह्यातील गंधार तेलक्षेत्रात नेऊन भरावा, यासाठी २०१९ साली दोन सरकारी तेल कंपन्यांत सामंजस्याचा करार झाला. ज्या धुराड्याखालून आमच्या आळीतील दोन पिढ्यांनी भाकरी आणली, त्याचा निःश्वास पुन्हा भूमीच्या पोटात ठेवावा, ही कल्पना मनास भुरळ घालते यात संशय नाही.

आम्ही काकांना विचारले, “हे चांगले की वाईट?” ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “वकीलसाहेब, पस्तीस वर्षे मी तेल मोजले. किती काढले ते रोज लिहून ठेवीत असे. आत काय ठेवले आणि ते तेथेच राहिले का, हे मोजायला मला कोणी सांगितले नव्हते. ते मोजणारा असेल तर चांगले.”

हे उत्तर आम्हांस एखाद्या हुकूमनाम्यासारखे नेमके वाटले. आपल्याकडे तेलक्षेत्रांचा कारभार १९४८ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आहे; शेजाऱ्याशेजाऱ्यांची ती अमेरिकन ओढाताण आपल्या वाट्यास फारशी आली नाही. पण आपली हद्द काळाची आहे. आपण एका बाजूस, आणि ज्यांचा अद्याप जन्म व्हावयाचा आहे ते दुसऱ्या बाजूस. साठा एकच. आपल्या पाळीत आपण तेल नेऊ; त्यांच्या पाळीत त्यांस बुजविलेल्या विहिरी, गंजलेले नळ आणि खाली कोंडलेला वायू मिळेल. जुन्या तेलक्षेत्रांत नीट न बुजविलेली एखादी विस्मृत विहीरही वायूला वर येण्यास पुरे होते. तेल संपल्यावर त्या विहिरींवर लक्ष कोणी ठेवावयाचे, किती वर्षे, आणि कोणाच्या खर्चाने? करार करणारी मंडळी त्या वेळी नसतील. देवाप्रमाणेच भविष्यही न्यायालयात येऊन स्वतः बोलू शकत नाही. देवासाठी मात्र आपल्या कायद्याने वाट काढली आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जेथे जेथे पाण्याची आणि वायूची ही पाळी सुरू होईल, तेथील करारात तेलाच्या पिंपांच्या हिशेबाशेजारी आत राहिलेल्या वायूचा हिशेब असावा. निघणाऱ्या प्रत्येक पिंपाच्या किमतीतील पहिला भाग विहिरी नीट बुजविण्यासाठी आणि त्यांची राखण करण्यासाठी बाजूस काढावा. आणि तो हिशेब पाहणाऱ्या मनुष्याचा ना तेल काढणाऱ्या कंपनीत वाटा असावा, ना तेलावर कर घेणाऱ्या सरकारात. देवळाच्या छपरावर शिडी लावून चढणाऱ्या त्या शिक्षकांसारखा कोणी तरी तेथे हवा. त्याच्या वहीत पहिली नोंद कोणती असावी हे काकांनी सांगितलेच आहे: आत काय ठेवले, आणि ते तेथेच आहे का.